दाजी तरे आणि न खोडणारं बटण

दाजी तरे माझ्या संगणकांच्या दुकानात पहिल्यांदा शिरले त्या क्षणी भिवंडीतले सगळे लूम थांबले. नारपोलीचे लोक आजही सांगतात की वीज गेली होती. वीज गेली नव्हती, वीज घाबरली होती. कल्याण नाक्यावरचा हवालदार शिट्टी ओठांत धरून वाजवायची विसरला. समोरच्या रसवाल्याच्या चरकात निम्मा गेलेला ऊस आपणहून मागे सरकला. माझ्या दुकानातल्या पंख्याचं बटण कित्येक वर्षं अडकलेलं होतं आणि तो कोणत्याही उपायाने बंद होत नसे, तो पंखा मुकाट बंद झाला. दारात एक माणूस उभा होता आणि त्याच्यामुळे दार उरलंच नव्हतं. पांढरा सदरा, बैल बांधता येईल अशी गळ्यात सोन्याची साखळी, स्वतंत्र रेशनकार्ड काढावं अशा मिशा, आणि उजव्या हातात मानगूट धरलेल्या कोंबडीसारखा एक कीबोर्ड. त्याची वायर खाली लोंबत होती.

त्यांनी ती कोंबडी काउंटरवर आपटली.

"मेलाय," ते म्हणाले.

"कोण?"

"त्याचं मागं जायचं बटण. दाबलं का मागं जात न्हाय. उलट मनाच काय काय लिवून दाखवतंय."

मी कीबोर्ड माझ्या संगणकाला जोडला, चार अक्षरं लिहिली, बॅकस्पेस दाबून चारही खोडली. उत्तम चालत होता. दाजींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे, मग माझ्याकडे. आपल्या घरी शिव्या देणारा पोरगा परक्या घरी पाटावर बसून श्लोक म्हणताना सापडावा, तसा संताप त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"तुज्याकडं चालतंय, माज्याकडं न्हाय. नाटक करतंय जल्लं."

"दाजी, कीबोर्ड चांगला आहे. दुसरीकडेच काहीतरी..."

"नवीन दे."

"नव्याचा उपयोग नाही होणार."

"मास्तर, दुकान हाय का देऊळ? नवीन दे!"

मी दिला. दुकानाच्या मागच्या खोलीत मी टायपिंगचे वर्ग चालवायचो म्हणून ते मला त्या दिवसापासून मास्तर म्हणू लागले. आठवडा संपायच्या आत ते दुसरी मानगूट धरून हजर झाले. मग तिसरी. ही २००६ सालची गोष्ट.

दाजी कोनचे. कल्याणहून भिवंडीला येताना लागतं ते कोन. तिथल्या भाताच्या खाचरांवर तेव्हा भराभर गोदामं उभी राहत होती. दाजींच्या जमिनीवरही एका मोठ्या कंपनीचं गोदाम आलं. भाडेकरार करताना आमच्याकडे एक अट असतेच असते, घरातल्या एका माणसाला गोदामात नोकरी. सगळे आपला पोरगा लावतात. दाजींनी स्वतःला लावलं.

"पोरगा कुठंबी बसंल," ते म्हणायचे. "जमीन माजी. तिच्या दारात मी बसणार."

आणि ते बसले. गोदामाचं गेट नेमकं तिथे आलं होतं जिथे लहानपणी ते भातावरची पाखरं हाकलायला बसत. फरक एवढाच की तेव्हा हातात गोफण होती, आता कीबोर्ड आला. खुर्ची त्यांनी घरून आणली, सागवानी, हातांवर मोर कोरलेली. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिच्यावर विणलेली गादी घातली. गावातला प्रत्येक माणूस जाता-येता त्या खुर्चीकडे पाहून "काय दाजी?" म्हणायचा आणि दाजी नुसती मान हलवायचे. नावच दाजी असल्यामुळे असेल, पण सगळ्या जगाने आपला जावयासारखा मान ठेवावा अशी त्यांची साधी अपेक्षा होती, आणि त्या खुर्चीवर बसल्यापासून ती पुरी होत होती. ती खुर्ची गेली असती तर दाजी राहिले असते, जमीन राहिली असती, भाडंही येत राहिलं असतं. पण "काय दाजी?" राहिलं नसतं.

आता गेटवरचं काम समजून घ्या. गेटच्या खांबावर कंपनीने एक पेटी बसवली होती, जेवणाच्या डब्याएवढी. पुण्याच्या कुठल्याशा कारखान्याने ती बनवली होती. आत लिनक्सवर चालणारा चिमुकला संगणक. रोज सकाळी मुख्य कचेरीतून त्या पेटीत त्या दिवशी येणाऱ्या ट्रकांचे नंबर जमा व्हायचे. दाजींच्या केबिनमध्ये साधा संगणक होता, त्यावर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यातून लांबूनच त्या पेटीशी बोलायचं. ट्रक आला की काळ्या खिडकीत नंबर लिहायचा. तो पेटीत असेल तर दांडा वर. नसेल तर पेटी म्हणणार, नोंद नाही, आणि ट्रक बाजूला. मग मॅनेजर येणार, कागद बघणार, सही करणार. मॅनेजर चहाला गेले असतील तर ट्रकही थांबणार.

दाजी एका बोटाने टाइप करत. पण ते बोट असं काही पडायचं की अक्षराची हिंमत नव्हती चुकीचं उमटायची. त्यांची चूक एकच होती आणि ती ते प्रत्येक ट्रकला नेमाने करत. बाहेर हॉर्न वाजला की मान वर न करताच त्यांचं बोट लिहून मोकळं व्हायचं: एमएच झिरो फोर.

याला दाजींचा इलाज नव्हता. त्यांचं जगच एमएच झिरो फोरमध्ये सुरू होऊन एमएच झिरो फोरमध्ये संपायचं. त्यांची जीप ठाण्याच्या नंबरची, पुतण्या भाविकचे दोन्ही ट्रक ठाण्याच्या नंबरचे, गावातल्या लग्नांच्या बसगाड्या, आगीचा बंब, नेत्यांच्या गाड्या, सगळं एमएच झिरो फोर. देवळात शिरताना हात आपोआप घंटेकडे जावा तसं त्यांचं बोट त्या चार अक्षरांकडे जायचं. मग ते मान वर करायचे. समोर गुजरातचा किंवा हरियाणाचा ट्रक दिसला की "च्" असा आवाज काढून चार वेळा बॅकस्पेस हाणायचे आणि पाहुण्याचा नंबर लिहायचे.

आणि तो बॅकस्पेस चालत नव्हता. दाबला की अक्षर जाण्याऐवजी पडद्यावर आणखी दोन चिन्हं यायची. आधी एक छोटी टोपी आणि मग इंग्रजी एच, म्हणजे टोपी काढून शेजारी ठेवून बसलेला एच. चार वेळा दाबलं की चार एच रांगेत बसलेले, प्रत्येकाची टोपी बाजूला, जणू पंगतच. दाजींनी कीबोर्ड बदलले. एच पंगतीतून उठेनात. मग एंटर मारून ती ओळ वाया घालवायची आणि नंबर नव्याने लिहायचा.

शेवटी मॅनेजरांनी पुण्याला तक्रार केली. मॅनेजर म्हणजे मनोज कर्णिक. ठाण्याहून यायचे, शर्टाला इस्त्री इतकी कडक की बसताना करकर वाजायची. त्यांनी तक्रारीत लिहिलं, पडद्यावर नको ते चिन्ह दिसतं. पुण्याच्या मृणाली नावाच्या इंजिनियर बाईंनी तिकडूनच पेटीत शिरून काहीतरी केलं आणि चिन्ह दिसेनासं झालं. दाजी इतके खूश झाले की माझ्या घरी खाडीतल्या निवट्यांची, म्हणजे चिखलात उड्या मारणाऱ्या माशांची, पिशवी पाठवली. जिवंत. माझ्या बायकोने पिशवी उघडली आणि निवट्या स्वयंपाकघरात फिरायला निघाल्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेत सापडली. पण आनंद आनंद असतो.

हा आनंद टिकला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

गेटवर विचित्र प्रकार सुरू झाला. ठाण्याच्या नंबरचा ट्रक आला की दांडा वर. बाहेरचा ट्रक आला की नोंद नाही. पडद्यावर नंबर बरोबर. ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर तोच नंबर. ट्रकच्या कपाळावर तोच नंबर, वर लिंबू-मिरची. तरी पेटी म्हणे, नोंद नाही. बाहेरच्या ट्रकांची रांग कल्याण रस्त्यापर्यंत जाऊ लागली. त्यांच्या बाजूने भाविकचे दोन ट्रक हॉर्न वाजवत आत जायचे, वर भाविक खिडकीतून हात करायचा, "काका, येतो!"

हे दृश्य बघून माणसाला काय वाटेल? कर्णिकांना तेच वाटलं. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून, इस्त्री सांभाळत, गुजरातच्या एका ट्रकचा नंबर टाइप केला. दांडा वर! त्यांनी पुण्याला फोन केला. मृणालीबाईंनी तिकडून नंबर टाइप केला, खोडला, पुन्हा टाइप केला. सगळं चालू! झालं. पेटी निर्दोष, संगणक निर्दोष, कीबोर्ड तर तिसरा नवा. उरलं कोण?

"दाजी, मी स्पष्टच बोलतो," कर्णिक म्हणाले. "तुम्ही बाहेरच्या गाड्या मुद्दाम अडवताय. पुतण्याच्या गाड्या आधी सोडता यावात म्हणून."

दाजींना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी? मुद्दाम?"

"मी केलं की चालतं, तुम्ही केलं की चालत नाही. याचा दुसरा अर्थ सांगा."

"साहेब, पडद्यावर बरोबर दिसतंय का न्हाय?"

"दिसतं. म्हणजे नंतर तुम्ही काहीतरी करता."

"काय करतो? दोन डोळं हायेत, एक बोट हाय. त्यात काय काय करणार?"

"ते मला माहीत नाही. करारात नोकरी आहे, गेट नाही. सोमवारपासून तुम्ही गेटवर नको."

दाजी तडक माझ्या दुकानात आले. या वेळी हातात कीबोर्ड नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त भयंकर दिसत होते.

"मास्तर, मी चोर हाय?"

"छे हो."

"माज्या जमिनीवर, माज्या खुर्चीत बसवून मना चोर बोलला. माजी आजी गेली तवा मी तिला तितंच शेताच्या बांधावर शेवटचं पानी पाजलं. तितं त्यांनी दांडा लावला, मी काय बोललो का? न्हाय. पेटी लावली, बोललो का? न्हाय. आता बोलतंय मी. मी बाहेरच्या गाडीला अडवतो? आरं, आक्का वलसाडवाल्यांना ताक पाजते! हरियाणावाला मना चाचा बोलतो! सोमवारी माज्या खुर्चीत दुसरा बसला तर मी ती खुर्ची त्याच्यासकट उचलून खाडीत टाकीन."

मला राग येत नाही असं माझे मित्र म्हणतात. त्या दिवशी आला. माणूस बडबड्या आहे, उद्धट आहे, ज्यांच्यात दोष नाही ते कीबोर्ड बदलून माझा गल्ला भरतो, हे सगळं खरं. पण लबाडी करायची तर आधी ती मिशीआड लपवावी लागते, आणि दाजींच्या मिशीआड आजवर काहीही लपलेलं नाही, जेवणसुद्धा नाही. दुकान बंद करून मी त्यांच्या जीपमध्ये बसलो.

गेटवर जान्या होता. जान्या डोंगराकडच्या पाड्यावरचा, दाजींपेक्षा म्हातारा. पेटीने परवानगी दिली तरी दांडा शेवटी दोरीने जान्याच वर ओढायचा. मोटर होती, पण ती आल्या दिवसापासून आजारी होती.

"आला मांत्रिक," मला बघून जान्या म्हणाला.

"आता रांग किती?" मी विचारलं.

"रांग न्हाय, वरात हाय. नवरदेव तेवढा न्हाय."

पहिला ट्रक वलसाडचा होता. ड्रायव्हर खिडकीतून वाकून ओरडला, "अरे चाचा, नंबर सामने लिखा है, देखके डालो ना!"

"देखके ही डालता है! मेरेको मत सिखा!" दाजी गरजले. खुर्चीत बसले. गादी सारखी केली. बोट उगारलं.

मी पडद्याकडे पाहिलं. ट्रकचा नंबर हुबेहूब. एंटर. पेटी म्हणाली, नोंद नाही.

"दिसला?" दाजी म्हणाले. "मी काय केला?"

"पुन्हा करा. हळू."

या वेळी मी बोटाकडे पाहिलं. बोटाने आधी लिहिलं एमएच झिरो फोर. मान वर. "च्." चार वेळा बॅकस्पेस. आणि तिथे मला दिसलं. अक्षरं जात नव्हती. कर्सर, तो लुकलुकणारा ठिपका, त्यांच्या अंगावरून मागे चालत होता, झोपलेल्या माणसांवरून मांजर जावं तसा. अक्षरं जागच्या जागी. मग दाजींनी जीजे पंधरा लिहिलं आणि एकेका जुन्या अक्षरावर नवं अक्षर बसलं. जुनं पडद्यावर झाकलं गेलं. पेटीच्या पोटात मात्र सगळं जसंच्या तसं जात होतं: एमएच झिरो फोर, चार टोप्या-एच, आणि त्यामागून वलसाडचा नंबर. असा नंबर पृथ्वीवरच्या कुठल्याच ट्रकला नसतो. पेटी बिचारी खरंच सांगत होती, नोंद नाही.

आणि टोप्या? त्या पुण्याने लपवल्या होत्या. कर्णिकांनी लिहिलं चिन्ह दिसतं, म्हणून दिसणं बंद केलं. न खोडणं तसंच राहिलं. आधी निदान कळत तरी होतं की खोडलं जात नाही. आता चूक चादर ओढून झोपली होती आणि कंपनीच्या दफ्तरी शेरा होता, तक्रार निवारण झाली.

"साहेबांना बोलवा," मी जान्याला सांगितलं.

कर्णिक करकरत आले. मी त्यांना खुर्चीत बसायची विनंती केली. दाजी उठले, गादी काढून घेतली आणि काखेत धरली. साहेबांनी लाकडावर बसावं.

"साहेब, या ट्रकचा नंबर टाका. फक्त एक करा, आधी एमएच झिरो फोर लिहा, मग खोडा, मग खरा नंबर."

"असं कोण कशाला करेल?"

"मी!" दाजी म्हणाले. "मी करतो. पुढं बोल."

कर्णिकांनी तसं केलं. पडद्यावर वलसाडचा नंबर स्वच्छ दिसत होता. त्यांनी एंटर दाबलं. नोंद नाही. त्यांनी पुन्हा केलं. नोंद नाही. इस्त्रीला घाम फुटला.

खिडकीतून आत बघत असलेला जान्या म्हणाला, "सायबाचा पन कुनी पुतन्या हाय काय?"

दाजी हसले नाहीत. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा संयम होता. मिशा तेवढ्या थरथरल्या.

मी शिफ्ट दाबून धरून बॅकस्पेस मारला. अक्षरं खरोखर नाहीशी झाली, एकेक करून, शहाण्या मुलांसारखी. नंबर लिहिला, एंटर दाबलं. जान्याने दोरी ओढली. वलसाडचा ट्रक आत गेला आणि मागच्या सगळ्या वरातीने हॉर्न वाजवला.

पुण्याला फोन लावला. मृणालीबाई हुशार निघाल्या, दोन वाक्यांत त्यांना सगळं कळलं.

"अरेच्चा! म्हणजे तुमच्या काळ्या खिडकीतून बॅकस्पेसला आठ आकडा जातोय," त्या म्हणाल्या, "आणि आमची पेटी एकशे सत्तावीसची वाट बघतेय. माझ्या मशीनवरून एकशे सत्तावीसच जातो, म्हणून माझं चालत होतं."

"मग आधी टोप्या दिसत होत्या तेव्हा हे नाही का सुचलं?" मी विचारलं.

"तक्रार चिन्हाची होती हो. चिन्ह घालवलं. खोडलं जात नाही असं कोणी लिहिलंच नव्हतं."

कर्णिक खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण ते खूप वेळ बघत राहिले.

"आठ काय, एकशे सत्तावीस काय?" दाजी फोनवर ओरडले. "बटण एक हाय का दोन?"

"बटण एकच आहे, काका. पण त्याने कोणता आकडा पाठवायचा यावर जगात दोन मतं आहेत."

"कवापासून?"

"तुमचं-माझं राहू दे, माझे सर शिकत होते तेव्हापासून."

मी दाजींना समजावलं. क्लीनर ट्रकच्या पत्र्यावर थाप मारतो ना, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे? समजा क्लीनर एका गावचा आणि ड्रायव्हर दुसऱ्या गावचा, आणि दुसऱ्या गावात थांब म्हणायला दोन थापा मारतात. क्लीनर एक थाप मारून मोकळा. ड्रायव्हर गाडी मागे घेतच राहणार.

"आणि ट्रक भिंतीत जाणार," दाजी म्हणाले.

"हो."

"मग चोर भिंत!"

यापेक्षा नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही. जगभरचे पंडित चंद्राच्या गप्पा मारतात, पण घरोघरी असलेल्या एका बटणाचा आकडा कोणता हे त्यांना ठरवता येत नाही. एक म्हणतो आठ, दुसरा म्हणतो एकशे सत्तावीस, दोघेही पगार घेतात, दोघांच्याही घरी त्यांना विद्वान म्हणतात. आणि त्या दोघांच्या भांडणात लबाड कोण ठरतो? तर कोनचा दाजी तरे, ज्याने आयुष्यात त्या दोघांपैकी एकालाही दुखावलेलं नाही. चूक सापडत नाही म्हटल्यावर माणूस सापडवायचा, ही पद्धत यंत्राच्या आधीपासूनची आहे. यंत्र आल्यावर तिला फक्त पुरावा मिळाला, मी केलं की चालतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. मृणालीबाईंनी पेटीला सांगितलं, खोडण्याचा आकडा आठ समज. दाजींनी एमएच झिरो फोर लिहिलं, चार वेळा बॅकस्पेस मारला, अक्षरं गेली. हरियाणाचा नंबर लिहिला. दांडा वर. सगळे आनंदले, आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आली तेव्हा पेटी आठ विसरून पुन्हा एकशे सत्तावीसवर ठाम बसली होती.

"बाई, ही भिवंडी आहे," मी फोनवर म्हणालो. "इथे वीज जाते. पेटी जागी होताना पहिल्यांदा जे वाचते ना, त्यातच लिहून ठेवा."

त्यांनी तसं लिहिलं. मी हट्टाने मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला. पेटीला आठ आठवत होता.

"चला, सुटलं," कर्णिक खुर्चीतून उठत म्हणाले.

"बसा," दाजी म्हणाले.

कर्णिक बसले.

"मना चोर बोललात, ते गेटवर बोललात. ड्रायवर लोक ऐकत होते. आता माफी पन गेटवर."

"दाजी, गैरसमज झाला, आपण केबिनमध्येच..."

"गेटवर."

साहेब गेटवर आले. समोर बारा-पंधरा ड्रायव्हर, जान्या, मी, आणि बातमी कशी लागली कोण जाणे, ताकाची कळशी घेऊन आक्का. कर्णिकांनी शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत काहीतरी पुटपुटलं.

"क्या बोले साहब?" रांगेतून हरियाणावाला ओरडला. "पीछे सुनाई नहीं दिया!"

साहेबांना पुन्हा बोलावं लागलं, मोठ्याने आणि हिंदीत. "मशीन की गलती थी। दाजी की नहीं।" ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. आक्कांनी पहिला पेला साहेबांनाच दिला. "प्या, उन्हाचं बरं असतं," त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी तो इतक्या घाईने प्यायला की इस्त्रीवर पांढरा नकाशा उमटला.

जाता जाता कर्णिकांना राहवलं नाही. "पण दाजी, एक सांगतो, रागावू नका. आधी गाडी बघा आणि मग टाइप करा ना. म्हणजे खोडावंच लागणार नाही."

दाजींनी गादी खुर्चीवर पसरली, तिचे कोपरे सारखे केले, बसले.

"साहेब, खोडायला बटण दिलंय का न्हाय?"

"दिलंय."

"कंपनीनंच दिलंय ना?"

"हो."

"मग मी खोडणार. बटण चाललं पायजे ही कंपनीची ड्युटी. मी काय टायपाचं ही माजी ड्युटी."

बाहेर हॉर्न वाजला. दाजींनी मान वर न करता लिहिलं, एमएच झिरो फोर. ट्रक राजस्थानचा होता. "च्," दाजी म्हणाले, आणि मोठ्या समाधानाने चार वेळा बॅकस्पेस हाणला. सोमवारीही ते खुर्चीतच होते. गावकरी जाता-येता "काय दाजी?" म्हणत राहिले.

पावसाळ्यानंतर कंपनीने गेटवर कार्ड वाचणारं यंत्र लावलं. ड्रायव्हर कार्ड दाखवतो, दांडा वर जातो. त्याला कीबोर्ड नाही. दाजी आता आपली सागवानी खुर्ची घेऊन गोदामाच्या मागच्या दारापाशी बसतात. ते दार बंद असतं.